शाळेचा जमाखर्च

भारतातील कितीतरी माध्यमिक शाळांच्या आवारात, बहुधा फाटकाजवळ, एक खड्डा दिसतो. दरवर्षी पावसाळ्याच्या आरंभी तेथे समारंभपूर्वक एक रोप लावले जाते. पाहुणे चार शब्द बोलतात, विद्यार्थी टाळ्या वाजवतात, छायाचित्र निघते. पुढे उन्हाळ्याच्या सुटीत शाळेला कुलूप लागते आणि पाण्यावाचून ते रोप वाळून जाते. पुढील वर्षी खड्डा नव्याने खणावा लागत नाही. तो तयारच असतो. वनमहोत्सवाची प्रथा आपल्या देशात १९५० साली सुरू झाली. तेव्हापासून शाळांच्या आवारांत जितकी रोपे लावली गेली तितकी जगली असती, तर एकही शाळा आज सावलीवाचून राहिली नसती.

या खड्ड्याकडे केवळ हलगर्जीपणाचा नमुना म्हणून पाहणे योग्य होणार नाही. रोप लावणाऱ्या मुलांना झाडांचे महत्त्व ठाऊक असते. पर्यावरणावरील निबंधात त्यांना चांगले गुणही मिळतात. त्यांच्या वर्गाबाहेरचा नळ मात्र वर्षभर ठिबकत असतो आणि मधल्या सुटीत रिकाम्या वर्गातील पंखे फिरत असतात. ज्ञान आहे आणि सद्भावनाही आहे. तरीही त्यांतून आचरण निर्माण होत नाही. असे का व्हावे, आणि तेरा ते सोळा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांच्या अंगी निसर्गाशी जपून वागण्याची सवय शाळेतच कशी बाणवता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आदेशांची परंपरा

या विषयाकडे आपल्या शिक्षणव्यवस्थेने दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली. हाताने केलेल्या उपयुक्त कामातून शिक्षण द्यावे, हे तिचे सूत्र होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये समाजोपयोगी उत्पादक कार्याला अभ्यासक्रमात स्थान द्यावे, असे सुचविले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पर्यावरणाची जाणीव शिक्षणाच्या सर्व स्तरांवर निर्माण व्हावी, असे म्हटले. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्यासंबंधी निर्देश दिले आणि २००३ साली त्यांच्या अंमलबजावणीकडे पुन्हा लक्ष वेधले. २००१-०२ मध्ये केंद्र शासनाच्या पर्यावरण मंत्रालयाने राष्ट्रीय हरित सेनेची योजना आखली आणि शाळाशाळांतून ३० ते ५० विद्यार्थ्यांची पर्यावरण मंडळे स्थापन करण्यास आरंभ केला.

म्हणजे विचार आणि आदेश यांची उणीव नाही. उणीव आहे ती अन्य तीन गोष्टींची. पहिली, शाळेत किती पाणी, वीज व वस्तू येतात आणि त्यांतील किती वाया जाते, हे कोणी मोजत नाही. दुसरी, वाया जाते हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आले तरी त्यावर उपाय करण्याचा अधिकार त्यांना नसतो. तिसरी, एखाद्या उत्साही वर्गाने काही चांगले सुरू केलेच, तर तो वर्ग दहावी होऊन बाहेर पडताच ते काम बंद पडते. या तीन उणिवा भरून काढल्या तर साध्यासुध्या शाळेतही चित्र पालटू शकते. याउलट, त्या तशाच ठेवून केलेले समारंभ फाटकाजवळच्या खड्ड्यासारखे ठरतात.

प्रथम मोजमाप

गृहस्थाला घरखर्च आटोक्यात आणावयाचा असेल तर तो प्रथम जमाखर्चाची वही घालतो. शाळेनेही तेच करावयास हवे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने आखलेल्या हरित शाळा कार्यक्रमात विद्यार्थीच आपल्या शाळेची तपासणी करतात आणि ती हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी व कचरा अशा सहा विभागांत नोंदवितात. या कल्पनेचे मर्म असे की येथे परीक्षक बाहेरून येत नाही. ज्यांच्या सवयी बदलावयाच्या आहेत, तेच मोजणी करतात. स्वतः मोजलेला आकडा मनुष्य सहसा विसरत नाही.

मोजणीस महागडी उपकरणे लागत नाहीत. एक बादली, एक घड्याळ, एक मोजपट्टी, प्रयोगशाळेतील ताणकाटा आणि एक वही एवढे साहित्य पुरेसे आहे. पाणी, वीज आणि कचरा या तीन खात्यांपासून आरंभ करणे सोयीचे असते.

पाण्याचे खाते

ठिबकणाऱ्या नळाखाली बादली ठेवावी आणि ती किती वेळात भरते ते पाहावे. समजा, दहा लिटरची बादली चार तासांत भरली. म्हणजे त्या एका नळातून दिवसाला ६० लिटर आणि वर्षाला २१,९०० लिटर पाणी वाया जाते. हे गणित आठवीच्या विद्यार्थ्याला सहज करता येते. नळाच्या आतील रबरी वायसर बदलण्यास काही रुपये लागतात आणि अर्धा तास पुरतो. ‘पाणी वाचवा’ हा फलक वर्षानुवर्षे जे करू शकला नाही, ते हा एक आकडा करून दाखवतो. कारण फलक सर्वांना उद्देशून असतो, आणि हा आकडा त्या एका नळाबद्दल बोलतो.

खात्याची जमेची बाजूही मोजता येते. एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. एवढे सूत्र हाती असले की मुले आपल्या शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ काढू शकतात. छप्पर ५०० चौरस मीटरचे असेल, वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर असेल आणि बाष्पीभवन, गळती व पहिल्या सरींचे सोडून दिलेले पाणी यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला, तर २,४०,००० लिटर पाणी हाती राहते. शाळेत ४०० विद्यार्थी असून प्रत्येकास शाळेच्या वेळेत पिण्यासाठी दोन लिटर पाणी लागते असे धरले, तर हे पाणी ३०० दिवस पुरेल. शाळेचे कामाचे दिवस साधारणतः २२० च्या आसपास असतात.

अर्थात, एवढे सगळे पाणी साठविण्याइतकी मोठी टाकी बांधणे बहुतेक शाळांना परवडणार नाही. यास्तव काही पाणी टाकीत घ्यावे आणि उरलेले शोषखड्ड्यातून जमिनीत मुरवावे, हा मध्यम मार्ग होय. साठविलेले पाणी पिण्यासाठी वापरावयाचे असेल तर छप्पर स्वच्छ हवे, पहिला पाऊस वाहून जाऊ द्यावा, आणि पाणी गाळून व निर्जंतुक करूनच द्यावे. राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेज या संस्थेने १९८६ पासून शाळांच्या छपरांवरील पावसाचे पाणी भूमिगत टाक्यांत साठविण्याचे काम हाती घेतले. त्या प्रदेशात कित्येक ठिकाणी भूजल खारट असल्याने गोड्या पाण्याची ही टाकी म्हणजे शाळेचे मोठे धनच ठरते. घरी पाणी भरण्यासाठी ज्या मुलींना शाळा बुडवावी लागते, त्यांच्या दृष्टीने तर शाळेत पाणी असणे हा शिक्षण मिळण्या-न-मिळण्याचा प्रश्न असतो.

प्रत्येक प्रदेशाचे खाते निराळे असते, हेही विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावे. जैसलमेरला पाऊस अत्यल्प. परंतु छपरावरचा थेंब न थेंब जपण्याची परंपरा तेथे जुनी आहे. मेघालयातील चेरापुंजीला पाऊस विक्रमी पडतो, तरी हिवाळ्यात तेथील स्त्रियांना पाण्यासाठी वणवण करावी लागते. पाणी किती पडते याइतकेच ते किती धरून ठेवले जाते यालाही महत्त्व आहे, हा धडा या दोन ठिकाणांच्या तुलनेतून आपोआप मिळतो.

विजेचे खाते

वीज डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिचा अपव्ययही दिसत नाही. येथे मीटर उपयोगी पडतो. रोज शाळा भरण्यापूर्वी आणि सुटल्यानंतर दोन विद्यार्थ्यांनी मीटरवरील आकडा लिहून ठेवावा. पंधरा दिवसांत शाळेच्या वापराचा आलेख तयार होतो. रविवारीही मीटर पुढे सरकत असेल, तर बंद शाळेत काय चालू आहे हा शोध घेण्यासारखा विषय ठरतो.

एक साधा हिशेब पाहू. वीस वर्गांच्या शाळेत प्रत्येक वर्गात ७५ वॅटचे चार पंखे आहेत. प्रार्थना आणि मधली सुटी मिळून दिवसातून ४० मिनिटे वर्ग रिकामे असतात, पण पंखे चालूच राहतात. ऐंशी पंख्यांची एकूण शक्ती ६,००० वॅट होते. ४० मिनिटांत ४ युनिट वीज खर्च होते. उन्हाळ्याचे व दमटपणाचे १५० दिवस धरले तर वर्षाला ६०० युनिट झाले. आपल्या देशात अजूनही बरीचशी वीज कोळशापासून तयार होते. त्यामुळे सरासरीने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे कोणालाही वारा न घालणाऱ्या या पंख्यांपायी वर्षाकाठी सुमारे ४२० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, शिवाय विजेचे बिल भरावे लागते ते वेगळेच.

हवामानबदल हा शब्द विद्यार्थ्यांना वर्तमानपत्रांतून परिचित झालेला असतो. परंतु ध्रुवप्रदेशातील वितळणारे बर्फ आणि आपल्या वर्गातील बटण यांचा संबंध त्यांना जाणवत नाही. मीटरच्या नोंदी तो संबंध जोडून देतात. वर्गातून शेवटी बाहेर पडणाऱ्याने बटणे बंद करावीत, ही सवय त्यानंतर उपदेशावाचून लागू शकते.

कचऱ्याचे खाते

कचऱ्याचे मोजमाप सात दिवस सलग करावे. शाळा सुटल्यावर सर्व डबे एका जागी आणून कचऱ्याचे ओला, कागद, प्लॅस्टिक, धातू व काच आणि इतर असे गट करावेत आणि प्रत्येकाचे वजन वहीत लिहावे. हे काम हातमोजे घालून आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली व्हावे. मुलींच्या स्वच्छतागृहातील वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनचा डबा झाकणाचा व स्वतंत्र असावा आणि तो मोजणीसाठी उघडू नये. त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी शाळेच्या व्यवस्थापनाची आहे, विद्यार्थ्यांची नव्हे.

सात दिवसांच्या नोंदी पाहिल्या की बरेच काही उमगते. वजनात बहुधा ओला कचरा व झाडांची पाने अधिक भरतात, तर आकारमानात वेष्टने डोळ्यांत भरतात. कोणत्या दिवशी कचरा वाढतो आणि का वाढतो, हे शोधताना शाळेबाहेरील दुकानापासून वाढदिवसाच्या चॉकलेटांपर्यंत अनेक धागे सापडतात. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरावयाच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे, पेय पिण्याच्या नळ्या, फुग्यांच्या व झेंड्यांच्या प्लॅस्टिक काड्या आणि सजावटीचे थर्माकोल यांचा तिच्यात समावेश आहे. ही यादी वाचताना शाळेचे स्नेहसंमेलन आणि स्वातंत्र्यदिन डोळ्यांपुढे उभे राहतात. बंदी असलेल्या वस्तू आपल्या कार्यक्रमात आल्या किंवा कसे, याची नोंद ठेवणे हे नागरिकशास्त्राचेच प्रात्यक्षिक होय.

मोजमापाकडून कृतीकडे

तीन महिने नोंदी झाल्या की विद्यार्थ्यांनी एकच काम निवडावे. सगळ्याच गोष्टी एकदम हाती घेणाऱ्या शाळेत बहुधा कोणतीच तडीस जात नाही. काम असे असावे की त्याचा परिणाम वहीत दिसेल.

खताचा खड्डा हे याचे चांगले उदाहरण आहे. पुष्कळ शाळांत गळालेली पाने गोळा करून जाळण्यात येतात; त्यामुळे धूर होतो आणि मातीचे अन्न नष्ट होते. वस्तुतः या पानांचे खत करण्याची शास्त्रशुद्ध पद्धती आपल्याच देशात विकसित झाली. १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे काम करीत असताना अल्बर्ट हॉवर्ड या कृषिशास्त्रज्ञाने भारतीय शेतकऱ्यांच्या अनुभवाचा आधार घेऊन खत तयार करण्याची रीत निश्चित केली. ती इंदूर पद्धती म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. वाळलेली पाने व काडीकचरा, त्यावर शेण, त्यावर माती व थोडी राख असे थर रचावयाचे, ओलावा राखावयाचा आणि ठराविक दिवसांनी ढीग वरखाली करावयाचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते.

या क्रियेमागील तत्त्व समजून घेतले तर चुका टाळता येतात. कचरा कुजविणाऱ्या सूक्ष्मजीवांना कार्बन व नायट्रोजन यांचे प्रमाण सुमारे ३० ला १ असे मानवते. वाळलेल्या पानांत कार्बन अधिक असतो. भाजीपाल्याच्या देठांत व शेणात नायट्रोजन तुलनेने अधिक असतो. ढिगाला दुर्गंधी येऊ लागली तर तो फार ओला झाला आहे आणि त्याला हवा कमी पडते आहे असे समजावे व त्यात वाळलेली पाने मिसळावीत. नुसताच कोरडा राहिला तर तो कुजतच नाही. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा असावा, हा शेतकऱ्यांचा अंदाज उत्तम होय. मोठ्या ढिगाचे तापमान काही दिवसांतच ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. तापमापी घेऊन ही चढउतार नोंदविणाऱ्या विद्यार्थ्याला जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि आलेख यांचे एकत्रित शिक्षण मिळते.

अन्नाचेही असेच आहे. शासकीय व अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना दुपारचे शिजवलेले जेवण देण्यात येते. ताटात उरलेल्या अन्नाचे आठवडाभर वजन केले, तर कोणत्या दिवशी आणि कोणता पदार्थ टाकला जातो हे स्पष्ट होते. पहिल्यांदा थोडे वाढावे आणि मागेल त्याला पुन्हा द्यावे, एवढ्या बदलाने पुष्कळ अन्न वाचू शकते. मात्र येथे एक पथ्य पाळावयास हवे. वाचविण्याच्या उत्साहात कोणाचे पोट रिकामे राहता कामा नये. भुकेल्या मुलाने दुसऱ्यांदा मागताना त्याला संकोच वाटला, तर ती बचत महाग पडली असे समजावे.

अधिकार कोणाचा?

आता दुसऱ्या उणिवेकडे वळू. विद्यार्थ्यांनी नळ गळतो हे मोजून दाखविले आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर तो कागद महिनाभर पडून राहिला, तर मुले एक धडा निश्चितपणे शिकतात. तो असा की मोजून काही उपयोग नसतो. हा धडा पुढे जन्मभर टिकतो. म्हणूनच मोजणी सुरू करण्यापूर्वी शाळेने एक साधा नियम मान्य करावा: विद्यार्थ्यांच्या प्रत्येक नोंदीला पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर मिळेल. काम होणार असेल तर कधी, आणि होणार नसेल तर का नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असेल.

याबरोबर थोडे आर्थिक स्वातंत्र्यही द्यावयास हवे. रद्दी विकून आलेली रक्कम, किंवा विजेच्या बिलात झालेल्या बचतीचा एक भाग, विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे सोपवावा. त्याचा विनियोग त्यांनी सभा घेऊन ठरवावा आणि हिशेब फलकावर लावावा. चुकीचा निर्णय झाला तरी बिघडत नाही. शंभर रुपयांची चूक शाळेत झालेली बरी. तिलोनिया येथील रात्रशाळांत शिकणारी मुले आपल्यातून बालसंसदेचे प्रतिनिधी निवडून देत आणि शाळेच्या कारभारावर देखरेख करीत. दिवसा गुरे राखणारी ही मुले जर शाळेच्या कारभाराबद्दल जाब विचारू शकतात, तर माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांवर एका नळाची जबाबदारी टाकावयास आपण का कचरावे?

झाडू कोणाच्या हाती?

कामाची वाटणी हा नाजूक, पण टाळता न येणारा प्रश्न आहे. पुष्कळदा असे आढळते की झाडू मुलींच्या हाती येतो आणि देखरेखीची शिट्टी मुलांच्या. काही ठिकाणी तर स्वच्छतागृहे साफ करण्याचे काम विशिष्ट जातींच्या मुलांवर लादल्याच्या तक्रारी पुढे आल्या आहेत. भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. पर्यावरणाच्या नावाखाली ती मागील दाराने आत येत असेल, तर शाळेने बाकी सगळे उपक्रम बाजूला ठेवून प्रथम त्याकडे पाहावे.

यावर उपाय कठीण नाही. कामांची यादी करावी आणि हजेरीपटाच्या क्रमाने सर्वांना सर्व कामे पाळीपाळीने द्यावीत. शिक्षकांनीही त्या यादीत आपले नाव घालावे. शिक्षा म्हणून कोणालाही झाडायला किंवा कचरा उचलायला लावू नये. ज्या शाळेत झाडू ही शिक्षा असते, तेथे स्वच्छता हा गुण कधीच होत नाही. स्वच्छतागृहांची सफाई, गटारांचे काम किंवा विजेची दुरुस्ती यांसारखी धोक्याची कामे विद्यार्थ्यांनी करावयाची नाहीत. ती योग्य साधनांनिशी व योग्य मोबदल्याने मोठ्या माणसांनीच केली पाहिजेत.

एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे

तिसरी उणीव सातत्याची. माध्यमिक शाळेचे वैशिष्ट्यच असे की तेथील सर्वांत जाणते विद्यार्थी दरवर्षी शाळा सोडून जातात. दहावीचे वर्ष परीक्षेच्या दडपणाखाली जाते. यास्तव पर्यावरण मंडळाचा मुख्य भार नववीवर असावा, आठवीने तिच्या हाताखाली शिकावे आणि दहावीने केवळ सल्ला द्यावा, अशी रचना हितकर ठरते. प्रत्येक कामासाठी नववीचा एक व आठवीचा एक अशी जोडी असावी. वर्षअखेरीस नववीच्या विद्यार्थ्याने आपली वही आठवीच्या विद्यार्थ्याच्या हाती सर्वांसमक्ष द्यावी आणि काय जमले, काय फसले हे दोन मिनिटांत सांगावे. फसलेल्याची नोंद विशेष मोलाची असते. कारण तीच चूक पुढील वर्षी टळते.

लडाखमध्ये सिंधू नदीच्या काठी फे गावाजवळ सेकमोल या संस्थेचे विद्यार्थिकेंद्र उभे राहिले. लडाखमधील विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक व सांस्कृतिक चळवळीतून १९८८ साली स्थापन झालेली ही संस्था शालान्त परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या तरुणांनाही आपलेसे करण्याबद्दल ओळखली गेली. तिच्या इमारती मातीच्या ठोकून घट्ट केलेल्या भिंतींच्या व दक्षिणाभिमुख आहेत. बाहेर पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरला तरी सूर्याच्या उष्णतेवर त्या उबदार राहतात. येथे स्वयंपाकघर, भाजीचा मळा, गाई, सौरयंत्रे या सगळ्यांची जबाबदारी विद्यार्थ्यांनी वाटून घेतली आणि ठराविक काळाने ती एकमेकांकडे सोपविण्याचा परिपाठ ठेवला. सौर इमारत बांधणे प्रत्येक शाळेला शक्य नाही. परंतु जबाबदारी रीतसर सोपविण्याचा परिपाठ कोणत्याही शाळेला घालून घेता येतो. त्यास खर्च शून्य आहे.

शाळेच्या कुंपणापलीकडे

एका आक्षेपाचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. कारखाने, औष्णिक वीजकेंद्रे आणि मोठी शहरे ज्या प्रमाणावर निसर्गाची हानी करतात, त्यापुढे शाळेतील नळ व पंखे ते काय? मुलांना वायसर बदलण्यात गुंतवून मोठ्या प्रश्नांवरून त्यांचे लक्ष उडविणे, हा अन्याय नव्हे काय?

या आक्षेपात तथ्य आहे. पृथ्वीच्या दुरवस्थेची जबाबदारी चौदा वर्षांच्या मुलांच्या शिरावर टाकता येणार नाही, आणि त्यांच्या मनात अपराधाची भावना निर्माण करणे तर सर्वथा अयोग्य होय. परंतु जमाखर्च मांडण्याची सवय शाळेच्या कुंपणापाशी थांबत नाही. अलमोडा येथील उत्तराखंड सेवा निधी या संस्थेने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पहाडी शाळांसाठी पर्यावरणशिक्षणाचा जो अभ्यासक्रम विकसित केला, त्यात गाव हीच प्रयोगशाळा मानली गेली. गावाला सरपण किती लागते, गुरांना चारा किती लागतो, गावाची जमीन त्यांतील किती पुरवू शकते आणि झऱ्याला पाणी किती, हे विद्यार्थ्यांनी स्वतः मोजावयाचे होते. अशा मोजणीतून मुलांना हे समजते की जंगल विरळ का झाले आणि आईला सरपणासाठी दरवर्षी अधिक दूर का जावे लागते. ज्याला आपल्या गावाचा हिशेब मांडता येतो, तो उद्या ग्रामसभेत, नगरपालिकेत किंवा कारखान्याच्या दारातही हिशेब मागू शकेल. लहान मोजणी ही मोठ्या प्रश्नाची पळवाट ठरत नाही. ती त्याची पूर्वतयारी असते.

शेवटी फाटकाजवळच्या त्या खड्ड्याकडे परत येऊ. पुढील पावसाळ्यात तेथे रोप लावताना पाहुण्यांना बोलावले नाही तरी चालेल. त्याऐवजी वहीचे एक पान उघडावे. त्यावर रोपाचे नाव, लावल्याची तारीख व उंची लिहावी. पाणी घालणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची नावे लिहावीत. आणि त्याखाली, ठळक अक्षरांत, उन्हाळ्याच्या सुटीत शाळेजवळ राहणारी कोणती मुले पाणी घालतील त्यांची नावे लिहावीत. शक्य तर रोप त्याच प्रदेशातील वृक्षाचे निवडावे: कडुनिंब, करंज, जांभूळ, जे तेथील मातीला मानवेल ते. दर महिन्याच्या एक तारखेला उंची मोजावी. रोप मेलेच, तर तेही तारखेसह लिहावे आणि कारण शोधावे. अशा रीतीने दोन उन्हाळे त्या रोपाने पाहिले, तर तिसऱ्या वर्षी त्याला बहुधा कोणाच्या आधाराची गरज उरणार नाही. तोवर वही दोन वर्गांच्या हातांतून पुढे गेलेली असेल, आणि नव्या खड्ड्यासाठी शाळेला दुसरी जागा शोधावी लागेल.